राजदूत ३५०: हाय टॉर्क, लो टॉर्क आणि ताशी दीडशेचा प्रश्न

जुन्या मोटारसायकलींचा शौक असलेली चार माणसे एकत्र आली की राजदूत ३५० चा विषय निघतोच, आणि तो निघाला की तिच्या दोन आवृत्त्यांपैकी जास्त ताकदीची ‘हाय टॉर्क’ चांगली की कमी ताकदीची ‘लो टॉर्क’ यावरून वादही होतोच. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या परवान्याने १९८३ पासून ही गाडी भारतात बनवली आणि ते दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. ज्यांनी ती नवी असताना पाहिली त्यांच्या तोंडी आजही तिचे नाव ‘आरडी’ एवढेच असते. तिच्या दोन्ही आवृत्त्या मी चालवल्या आहेत, दोन्हींची इंजिने उघडलेली पाहिली आहेत आणि अशा गाड्या वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मेकॅनिकांच्या शेजारी बसून त्यांतले बारकावे समजून घेतले आहेत. या परीक्षणात मला मुख्यतः दोन गोष्टी तपासायच्या आहेत: दोन आवृत्त्यांच्या ताकदीतला फरक रस्त्यावर किती जाणवतो, आणि कमाल वेगाचा जो आकडा छातीठोकपणे सांगितला जातो त्याला आजच्या खरेदीत किती महत्त्व द्यावे. माझे मत आधीच सांगतो. चाळीस वर्षे वापरलेल्या गाडीत इंजिनाची आजची अवस्था ही आवृत्तीपेक्षा कितीतरी मोठी बाब आहे, आणि केवळ हाय टॉर्क म्हणून जास्तीचे पैसे मोजायला निघालेल्या माणसाने आधी सिलिंडर उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

मूळ यामाहा आरडी ३५० ही १९७३ सालची. ३४७ सीसीचे, हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, ६४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ५४ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास), सहा गिअर, पुढे डिस्क ब्रेक आणि मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना ३९ बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचे एकक), असा तिचा ऐवज होता. तिच्यापेक्षा दुप्पट मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना वळणांच्या रस्त्यावर मागे टाकणारी गाडी म्हणून तिने जगभर नाव कमावले, आणि सरळ रस्त्यावर ती ताशी १६० किलोमीटरच्या आसपास जात असे. भारतात बनली ती यानंतरच्या आरडी ३५० बी या गाडीवर बेतलेली. इथे येताना इंजिनाचे माप तेच राहिले, गिअरही सहाच राहिले, परंतु ताकद ३९ वरून ३०.५ बीएचपीवर आली. हीच हाय टॉर्क. १९८५ च्या सुमारास तिच्यात आणखी बदल करून ताकद सुमारे २७ बीएचपीपर्यंत उतरवली गेली, ती लो टॉर्क. एकाच मापाच्या इंजिनाची अशी तीन रूपे झाली आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या रूपात तब्बल १२ बीएचपीचे अंतर पडले.

ही ताकद का कमी केली, याचे उत्तर त्या काळातच आहे. १९८४-८५ च्या आसपास शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या भारतात येऊ लागल्या होत्या आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ असाच विचारत होते. लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारी, महागडी आणि साध्या गॅरेजमध्ये दुरुस्त न होणारी गाडी त्या बाजारात उभी राहणे अवघडच होते. पोलीस दलांनी तिच्यात रस घेतला तरी सामान्य खरेदीदार तिच्याकडे फारसा वळला नाही. कंपनीने पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिनाचा वरचा दम कमी केला हे व्यवहाराला धरून होते, आणि तरीही तेवढ्याने ॲव्हरेजचा प्रश्न सुटला नाही हेही तितकेच खरे.

ताकद कमी करण्याची रीत समजून घेतल्याशिवाय दोन आवृत्त्यांची तुलना नीट करता येत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कापलेल्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वर-खाली होताना त्या झाकतो व उघडतो. पिस्टन खाली येऊ लागला की आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडते आणि जळलेला वायू बाहेर पडू लागतो, मग ट्रान्स्फर पोर्ट उघडतात आणि हवा-पेट्रोलचे ताजे मिश्रण आत येते. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड जितकी उंच, तितके ते लवकर उघडते, आणि इंजिन वेगाने फिरत असताना वायूला बाहेर पडायला तितका जास्त अवधी मिळतो. म्हणून उंच पोर्टाचे इंजिन वरच्या फेऱ्यांना जोर धरते. परंतु हेच इंजिन हळू फिरत असताना ढकलण्याचे काम अर्ध्यावर सोडून वायू निसटून जातो, थोडे ताजे पेट्रोलही त्याच्याबरोबर सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जाते आणि ॲव्हरेज घसरते. सायलेन्सरच्या आतल्या निमुळत्या आकाराचे कामही याच्याशी जोडलेले आहे. एक्झॉस्टच्या दाबाची लहर त्या आकारावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. परंतु ही लहर नेमक्या वेळी परत येते ती फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच. पोर्टची उंची आणि सायलेन्सरचा आकार या दोन गोष्टी बदलल्या की तेच पिस्टन, तोच क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा), तेच गिअर ठेवून इंजिनाचा स्वभाव बदलता येतो.

या गाडीच्या बाबतीत कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रीड व्हॉल्व्हचा उल्लेख केलाच पाहिजे. पातळ पोलादी पट्ट्यांचा हा झडपेसारखा भाग मिश्रण आत जाऊ देतो आणि उलटे येऊ देत नाही. यामाहाने याला टॉर्क इंडक्शन असे नाव दिले होते. आरडीच्या आधीच्या यामाहा आर५ या गाडीत ही सोय नव्हती. रीड व्हॉल्व्हमुळे उंच पोर्टाचे इंजिनसुद्धा खालच्या फेऱ्यांना गुदमरत नाही. हाय टॉर्क गावातल्या रहदारीत तिसऱ्या गिअरवर निमूटपणे चालते याचे श्रेय बव्हंशी या पट्ट्यांना जाते, आणि म्हणूनच त्यांपैकी एखादीचे टोक तुटलेले किंवा उचललेले असेल तर गाडी सुरू व्हायला त्रास देते व सुरू झाल्यावर खाली अडखळते.

दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी चालवून पाहिल्या तर फरक कुठे आहे ते स्पष्ट कळते. चौथ्या गिअरवर ३,००० फेऱ्यांवरून मूठ उघडली की ४,५०० पर्यंत दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच ओढतात, किंबहुना लो टॉर्क थोडी जास्त मोकळी वाटते. काटा ५,००० ओलांडतो तेव्हा हाय टॉर्कचा आवाज एकदम घट्ट आणि एकसंध होतो, पुढचे चाक हलके पडते आणि पुढच्या काही सेकंदांत मीटरचा काटा इतक्या वेगाने वर जातो की गिअर बदलायला हात-पाय तयार ठेवावे लागतात. लो टॉर्कमध्ये हा बदल होतो, परंतु सौम्यपणे होतो, आणि ६,५०० च्या पुढे तिचा दम सरतो. मूठ पूर्ण उघडी ठेवूनही तिथून पुढे आवाज वाढतो तेवढी गती वाढत नाही. ज्याला महामार्गावर चढ्या फेऱ्यांची मजा घ्यायची आहे त्याला हाय टॉर्कच आवडेल. मला स्वतःला ती आवडते. परंतु रोजच्या रस्त्यावर, मागे माणूस बसवून, ताशी साठ-सत्तरने जाणाऱ्याला दोन आवृत्त्यांतला फरक जाणवणारही नाही, हे मी तितक्याच ठामपणे सांगेन.

आता कमाल वेग. हाय टॉर्क ताशी १५० जाते, असे सर्रास सांगितले जाते, आणि सुस्थितीतल्या गाडीच्या बाबतीत ते शक्यतेच्या बाहेरचे नाही. त्यावरून लोक असा हिशेब करतात की लो टॉर्कची ताकद साडेअकरा टक्क्यांनी कमी म्हणजे तिचा वेगही तेवढाच कमी असणार. हा हिशेब चुकीचा आहे. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. याचा उलटा अर्थ असा की ताकद कमी झाली तरी कमाल वेग फार थोडा कमी होतो. २७ भागिले ३०.५ याचे घनमूळ काढले तर ०.९६ येते, म्हणजे फरक अवघा चार टक्क्यांचा. हाय टॉर्क १५० जात असेल तर लो टॉर्क १४४ जायला हवी. हेच गणित वरच्या दिशेने लावले तर ३९ बीएचपीच्या मूळ यामाहाचा वेग १६३ च्या आसपास येतो, आणि तो तिच्या प्रत्यक्ष लौकिकाशी जुळतो. इतकी ताकद गमावूनही तिन्ही गाड्यांचे कमाल वेग वीसएक किलोमीटरच्या आत बसतात. ताकदीतला फरक कमाल वेगात कमी आणि त्या वेगापर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळात जास्त दिसतो. ताशी ८० वरून १२० ला जाताना, समोरचा ट्रक ओलांडताना, हाय टॉर्कचे साडेतीन बीएचपी खरोखर हाताला लागतात.

हे चार टक्के मीटरवर मोजता येतील अशी आशा मात्र कोणी धरू नये. त्या काळातले मीटर केबलवर आणि चुंबकावर चालणारे. नवे असतानाही ते वेग थोडा वाढवूनच दाखवत, आणि इतक्या वर्षांत स्प्रिंग सैल झाल्यावर, टायर वेगळ्या मापाचा बसवल्यावर पाच-सात टक्क्यांची चूक असणे मुळीच नवलाचे नाही. म्हणजे दोन आवृत्त्यांतल्या फरकापेक्षा मीटरची चूक मोठी असते. मोकळ्या रस्त्यावर एकसारखा वेग ठेवून, मागे बसलेल्या माणसाकडे घड्याळ देऊन एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ मोजला की खरा आकडा समजतो: खरे १०० असतील तर ३६ सेकंद लागतात, ९० असतील तर ४०. मीटरवर १०० दिसत असताना ३९ सेकंद लागले तर गाडी ९२ ने चालली आहे. मोबाइलमधल्या जीपीएसवरही हे पाहता येते. ‘माझी गाडी दीडशे मारते’ असे सांगणाऱ्या मालकाला मी मीटर कधी आणि कशाशी ताडून पाहिला एवढेच विचारतो, आणि बहुतेकांनी तो कधीच ताडलेला नसतो.

ताकदीच्या आकड्याला किती चिकटून राहावे हे समजण्यासाठी आपल्याच मुलखातले एक उदाहरण पुरेसे आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. त्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण बारा टक्क्यांनी विरळ असते, आणि इंजिनाला आत ओढायला तितकी हवा कमी मिळते. म्हणजे कोकणातून ३०.५ बीएचपी घेऊन निघालेली हाय टॉर्क घाट चढून वेण्णा तलावापाशी पोचते तेव्हा तिच्यात २७ च्या आतबाहेर बीएचपी उरलेली असते. तिथे ती लो टॉर्कच झालेली असते. शिवाय हवा विरळ झाल्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, प्लग काळे पडू लागतात आणि खाली उतरल्यावर काही वेळ गाडी चुकत चालते. खरेदीच्या वेळी कागदावरच्या साडेतीन बीएचपीवरून घासाघीस करणाऱ्याने हा हिशेब मनात ठेवलेला बरा.

समकालीन गाड्यांशी तुलना थोडक्यात उरकतो, कारण त्या वेगळ्या हेतूने बनलेल्या आहेत. त्या काळातली बुलेट ३५० जवळपास त्याच मापाची, ३४६ सीसीची. तिचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, ताकद ५,६२५ फेऱ्यांना १८ बीएचपी. फोर-स्ट्रोक असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत एकदाच तिचा जाळ होतो, तर आरडीचा प्रत्येक सिलिंडर दर फेरीला जळतो. आरडी फार फिरते म्हणून लवकर झिजते, असे पुष्कळदा ऐकू येते, त्याबाबत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बुलेटचा स्ट्रोक इतका लांब आहे की ५,६२५ फेऱ्यांना तिचा पिस्टन सरासरी सेकंदाला जवळपास १७ मीटर धावतो, आणि मूळ यामाहाचा ७,५०० फेऱ्यांना साडेतेरा मीटर. तेव्हा म्हैसूरला बनणारी येझदी रोडकिंग अडीचशे सीसीची आणि १६ बीएचपीची. ती मजबूत आणि दुरुस्तीला सोपी आहे, आणि टू-स्ट्रोकचा नाद नव्याने लागलेल्या माणसाला मी आरडीच्या आधी तीच सुचवेन. वेगाच्या बाबतीत मात्र या दोन्ही गाड्या आरडीच्या जवळपासही येत नाहीत.

वेगाबरोबर ब्रेकचा विचार येतो, आणि इथे राजदूत ३५० ला मी कमी गुण देतो. मूळ यामाहाला पुढे डिस्क होती. भारतीय गाडीला तिच्या जागी सात इंची ड्रम आला. हा ड्रम दोन्ही शू (ड्रमवर आतून दाबले जाणारे अर्धगोल तुकडे) पुढून पकडणाऱ्या जातीचा आहे, म्हणजे चाक पुढे फिरत असताना दोन्ही शू आपोआप ड्रमवर अधिक घट्ट दाबले जातात. नीट लावलेला असेल तर शहरातल्या वेगाला तो चांगला धरतो. परंतु त्याच्या, शू ढकलणाऱ्या दोन कॅम एका बारीक दांडीने जोडलेल्या असतात आणि त्या दांडीची लांबी अशी जुळवावी लागते की दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकतील. मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत ही दांडी कधी कोणी हलवलेलीच नव्हती. एक शू पूर्ण दाबला जातो, दुसरा नुसता घासतो, आणि मालक ‘आरडीला ब्रेकच नाहीत’ म्हणून सोडून देतो. जुळवणी बरोबर असली तरी ताशी १५० ने जाणाऱ्या गाडीत १०० ने जाणाऱ्या गाडीच्या सव्वादोनपट ऊर्जा असते आणि ती सगळी उष्णता होऊन त्या ड्रममध्ये जिरायची असते. एकदा जोरात थांबल्यावर लगेच दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तर लिव्हर तेवढाच येतो आणि पकड मात्र निम्म्याने कमी झालेली जाणवते. चढावर गाडी मागे सरकू लागली तर पुढचा ब्रेक जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण उलट्या दिशेने त्याचे शू स्वतःहून आवळले जात नाहीत. या गाडीचा खरा कमाल वेग इंजिन ठरवत नाही, हा ड्रम ठरवतो, आणि माझ्या मते तो शंभरच्या फारसा पुढे नाही.

गाडी पाहायला जाताना काय तपासावे हा या परीक्षणाचा सर्वांत कामाचा भाग आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट सिलिंडर. चाळीस वर्षांत या गाड्यांची इंजिने अनेकदा बोअर झालेली, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरून मोठे केलेली असतात, दर वेळी साधारण पाव मिलिमीटरने, आणि शेवटी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचे आतले अस्तर, बदलण्याची पाळी येते. स्लीव्ह नवी घातली की पोर्ट पुन्हा कापावी लागतात, आणि ती कापणारा हात जसा असेल तशी गाडीची ताकद ठरते. त्यातच लो टॉर्कची हाय टॉर्क करण्याच्या नादात कितीतरी सिलिंडरांवर कानस फिरलेली आहे. सिलिंडर उतरवून प्रकाशात धरला तर एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेवर त्या खुणा डोळ्यांना दिसतात. व्हर्नियर कॅलिपरने सिलिंडरच्या माथ्यापासून त्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. डाव्या आणि उजव्या सिलिंडरमध्ये मिलिमीटरभराचा फरक असेल तर एक बाजू ओढते आणि दुसरी नुसती साथ देते, आणि कार्ब्युरेटर कितीही जुळवले तरी थरथर जात नाही. पोर्टची कड बोटाने चाचपून पाहावी. ती धारदार राहिली असेल तर पिस्टनची रिंग तिथे अडकून तुटते. कड किंचित गोलसर केलेली असली पाहिजे. गाडीवर कोणती अक्षरे लिहिली आहेत यापेक्षा हे माप आणि ही कड जास्त खरे बोलते.

दुसरी गोष्ट क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, त्यामुळे सील गळका असला की इंजिनाचे सगळे गणित बिघडते. उजवीकडच्या, क्लचच्या बाजूचा सील गेला तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते आणि उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर न थांबता येत राहतो. डावीकडचा गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, तो सिलिंडर तापतो आणि लांबच्या प्रवासात पिस्टन चिकटतो. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात धूर दिसत नाही. मूठ सोडल्यावरही फेऱ्या रेंगाळत खाली येत असतील किंवा आपोआप वर जात असतील तर गाडी तिथेच ठेवून निघावे. जाणकार मेकॅनिक इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत थोड्या दाबाची हवा भरतो आणि ती काही मिनिटे टिकते का ते पाहतो. ही चाचणी करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी गाडी घेणार नाही.

तिसरी गोष्ट ऑटोल्यूब. हा पंप फेऱ्यांच्या आणि मुठीच्या प्रमाणात ऑइल सोडतो. पुष्कळ गाड्यांतून तो काढून टाकलेला आढळतो आणि मालक पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. तसे चालवता येते, परंतु लांब घाट उतरताना मूठ बंद असते, पेट्रोल जवळजवळ जात नाही आणि त्याबरोबर ऑइलही जात नाही. पंप असेल तर तो बंद मुठीवरही फेऱ्यांनुसार थोडे ऑइल पोचवत राहतो. म्हणून पंप जागेवर असलेली आणि त्याच्या चाकावरची खूण कार्ब्युरेटरच्या स्थितीशी जुळलेली गाडी मी पसंत करतो. इग्निशनचे, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे, दोन पॉइंट दोन सिलिंडरांसाठी स्वतंत्र असतात आणि त्यांचे टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज लावूनच बसवावे लागते. अंदाजाने बसवलेले टायमिंग हे पिस्टनला भोक पडण्याचे एक मोठे कारण आहे. या चार-पाच गोष्टी जाग्यावर असलेली लो टॉर्क दुर्लक्षित हाय टॉर्कला सहज मागे टाकते, आणि हे मी रस्त्यावर पाहिलेले आहे.

गिअरिंगविषयी एक सूचना. पुढच्या चेन सॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) एक दात कमी-जास्त केला की एकूण गुणोत्तर सहा-सात टक्क्यांनी बदलते, म्हणजे दोन आवृत्त्यांच्या कमाल वेगातल्या फरकापेक्षाही जास्त. ताकद न वाढवता दात वाढवले तर सहाव्या गिअरवर इंजिन आपल्या जोराच्या पट्ट्यात पोचतच नाही आणि गाडी पाचव्यापेक्षा सहाव्यावर हळू जाते. लो टॉर्कला वेग यावा म्हणून मोठे सॉकेट बसवणाऱ्यांच्या पदरी नेमके हेच पडते. मूळ मापाचेच सॉकेट राहू द्यावे.

माझी शिफारस अशी. गाडी नेहमी चालवायची असेल, घाट आणि गावे दोन्ही करायची असतील, तर पोर्टना हात न लागलेली, पंप चालू असलेली लो टॉर्क शोधावी. ती कमी किमतीत मिळते, खालच्या फेऱ्यांना जास्त समंजस आहे आणि कमाल वेगात फक्त चार टक्क्यांनी मागे आहे. ज्याला ५,००० च्या पुढचा तो घट्ट आवाज आणि त्यानंतरची झेप हवी आहे त्याने हाय टॉर्क घ्यावी, परंतु सिलिंडरची मापे घेऊन, आणि क्रँक उघडण्याचा खर्च किमतीत धरूनच. पुढचा ड्रम दोन्ही गाड्यांत सारखाच असल्यामुळे त्याच्या लायनिंगवर आणि जुळवणीवर पहिला खर्च करावा. पुष्कळ जण त्याऐवजी दुसऱ्या गाडीचे फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) आणि डिस्क बसवतात, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांना दोष देता येत नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी होण्यासाठी दुचाकी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. १९८३ ची गाडी त्या वयाला २०३३ मध्ये पोचेल. तोपर्यंत तिची नोंदणी दर पाच वर्षांनी सामान्य वाहनाप्रमाणेच नूतनीकरण करावी लागेल. म्हणून डिस्क बसवणाऱ्याने चासीवर कापाकापी किंवा वेल्डिंग होऊ देऊ नये, आणि काढलेले मूळ फोर्क, ड्रमसह पुढचे चाक आणि कॅमची ती बारीक दांडी कापडात गुंडाळून, ऑइल लावून जपून ठेवावी, कारण हे सुटे भाग आज बाजारात सहजासहजी मिळत नाहीत.